एक घर डावीकडं

बाबांना चहा विचारला की ते "एक" म्हणायचे. नको असेल तर "शून्य". अर्धा घेता का, असं मी पहिल्या आठवड्यात विचारून बघितलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ताई, अर्धा चहा म्हंजे काय? चहा हाय का न्हाई, येवढंच सांगा." त्यानंतर ते आमच्याकडं होते तोवर त्यांना एक तर भरलेला कप मिळाला, नाहीतर मिळाला नाही.

भोरला एस.टी. स्टँडच्या मागच्या अंगाला आमचं गोडाऊन आहे. लग्नाचं सामान भाड्यानं देतो. खुर्च्या, ताटं, पातेली, शेगड्या, जनरेटर. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत आमचे टेम्पो फिरतात. मी तिथं सामानाची आवक-जावक बघते. काय गेलं, काय आलं, कशाला पोचा पडला, काय कुणाच्या घरी राहिलं, या सगळ्याच्या याद्या करते आणि भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवते. घरीही करते. माझ्या फ्रिजवरची यादी बघून नवरा म्हणतो की या घरात फक्त मीच यादीत नाही. तो आहे, खालून दुसरा.

तर अशा माझ्यासमोर एके दिवशी मालकीण वहिनींनी बाबांना आणून उभं केलं. त्यांच्या माहेरच्या ओळखीतले, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. राहायला भोंगवलीला, उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली. तिथं आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट बघितली: लाईन चालू आहे की बंद आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जगाकडंही तसंच बघायला सुरुवात केली. गोडाऊनमधून निघताना ते प्रत्येक बटणाला हात लावून जायचे. बंद असलेल्यालाही. "बंद दिसनं येगळं आन् असनं येगळं," असं त्यांचं म्हणणं. पुढं मुलानं पुण्यात घर घेतल्यावर ते आमचं काम सोडून तिकडं गेले. सोसायटीत संध्याकाळी कुठल्या खिडकीत दिवा आहे आणि कुठल्या नाही, यावरून ते रोज एक आकडा काढतात आणि वॉचमनला सांगतात, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. वॉचमन तो लिहून ठेवतो म्हणे. कशासाठी ते दोघांनाही माहीत नाही.

"थोडं" हा शब्द त्यांना खपत नसे. हमालानं "थोडी पातेली घासायची राहिलीत" म्हटलं की बाबा "कंची?" म्हणत त्याच्या मागं मागं फिरायचे. एकदा त्यांचा गुडघा धरला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दुखतंय? बाबा म्हणाले, "एक." बाईंना वाटलं दहापैकी एक. त्यांनी मलमाची ट्यूब दिली आणि चालत राहा म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाबांना पायरी उतरवेना. मी परत आत जाऊन समजावलं की यांच्याकडं एकाच्या वर काही नसतं, तेव्हा इंजेक्शन मिळालं.

मोजायची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी. आपण एका बोटाला एक धरतो. ते पहिल्या बोटाला एक धरायचे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, मग आठ, असं दुप्पट दुप्पट करत दहाव्या बोटाला पाचशे बारा. उघडं बोट धरायचं, मिटलेलं सोडायचं. दोन हातांवर हजाराच्या वर मोजता येतं. पंगतीतली माणसं ते अशीच मोजायचे. मांडवाच्या कडेला उभे, नजर पानांवर, ओठ पुटपुटतायत आणि दोन्ही हातांची बोटं उघडमीट होतायत. वेल्ह्याकडच्या एका लग्नात एका आजीबाईंनी येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना वाटलं, कुणी महाराज जप करतायत. हात उचलला असता तर मोजणी चुकली असती, म्हणून बाबांनी आशीर्वाद दिला नाही, नुसती मान हलवली. आजीबाईंना ते आणखीच पटलं. त्यांनी सुनेलाही आणलं.

बाबांच्या आधी आमच्याकडं मालकांची लाल डायरी होती. तिच्यातलं अक्षर फक्त मालकांना लागायचं, आणि तेही दुपारपर्यंतच. म्हणून मागण्या कॉम्प्युटरवर घ्यायचं वहिनींनी ठरवलं. बाबांनी बसून एक्सेलमध्ये तक्ता केला आणि मी अगदी हौसेनं बघायला गेले, कारण यादी म्हटलं की माझा जीव. पाहते तर यादीच नाही. एका ओळीत गाव, यजमान, तारीख, पानं किती आणि शेवटी एक आकडा.

सामान कुठंय, असं मी विचारलं. बाबांनी आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यात."

मला पटेना, तेव्हा त्यांनी ओट्यावर स्टीलचे दहा ग्लास ओळीनं मांडले, कारण आमच्या वस्तू दहा. एक ग्लास म्हणजे एक वस्तू. सरळ ठेवला तर हवी, उपडा ठेवला तर नको. अगदी उजवीकडचा ग्लास सरळ असेल तर त्याचा एक धरायचा, त्याच्या डावीकडच्याचा दोन, मग चार, मग आठ. सरळ ग्लासांची बेरीज म्हणजे त्या लग्नाचा आकडा, आणि वेगळं सामान मागितलं की आकडा वेगळाच येणार. तक्त्यात यासाठी एक फंक्शन असतं, बिटएलशिफ्ट. त्याला एक हा आकडा द्यायचा आणि किती घरं डावीकडं सरकवायचा ते सांगायचं. एक घर सरकवला की दोन होतो, तीन घरं सरकवला की आठ. उलट आकड्यावरून वस्तूंची नावं काढून, पानांच्या हिशोबानं नग लिहून, टेम्पोसाठी चिठ्ठी छापायचं कामही तक्ताच करायचा.

"तुमची यादी हातभर," बाबा म्हणाले, "माजी एका घरात बसती."

मी म्हटलं, माझ्या यादीवर टिक करता येते.

"टिक म्हंजेच एक," ते म्हणाले. मी माझी यादी परत खिळ्याला अडकवली.

वस्तूंचा क्रम त्यांनी वजनावर लावला होता. हलकं उजवीकडं, जड डावीकडं. फेट्यांच्या पेटीचा एक आणि जनरेटरचे पाचशे बारा. त्यामुळं आकडा मोठा तर टेम्पो मोठा. सोपान ड्रायव्हर नुसता आकडा ऐकून कुठली गाडी काढायची ते ठरवायचा. हळूहळू हे सगळ्यांच्या जिभेवर बसलं. "पाचशे बाराला हात लावा रं," असं म्हणत हमाल जनरेटर उचलायचे. एका दांडग्या वरबापाकडं बघून सोपान माझ्या कानाशी "हजार चोवीस" म्हणाला. म्हणजे जनरेटरच्याही पलीकडचं घर.

सगळ्यांत आधी हे वहिनींना कळलं. दुपारी वाटाणे सोलता सोलता त्यांनी ग्लासांकडं बघितलं, एक ग्लास उलटा केला आणि आकडा बोलल्या. बाबा उठून उभे राहिले. त्यानंतर गोडाऊनमध्ये येईल त्याला ते सांगत सुटले की ह्या पोरीला काही सांगावं लागत नाही. फुलवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. लग्नाची मागणी द्यायला आलेल्या एका नवऱ्या मुलाला इतकं सांगितलं की त्याला वाटलं स्थळ सुचवतायत.

मालकांच्या गळी मात्र ते कधी उतरलं नाही. आकड्यात पातेलं कसं मावतं, असं ते विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. शेवटी वहिनींच्या शब्दाखातर एका हंगामापुरतं कबूल झाले, पण अट घातली. सगळ्यांसमोर म्हणाले, "एका जरी लग्नाला चुकीचं सामान गेलं ना बाबा, तर हा आकडा बंद, डायरी चालू. आन् तुमी घरी जाऊन आराम करायचा."

बाबांनी मान्य म्हणून एक बोट वर केलं. नंतर मी त्यांना म्हटलं, कशाला असली अट घेतलीत? ते म्हणाले, "घरी काय हाय ताई? सून वाढंल ते खायचं, टीव्हीवर लागंल ते बघायचं. हितं मला मान्सं इचारत्यात, हवं का नको."

हंगामाच्या ऐन मध्यावर अंतरपाट आला. झालं असं की लग्नात सगळं आठवतं आणि अंतरपाट विसरतो. भटजी मंगलाष्टकं सुरू करायच्या बेतात असतात आणि दोन काका कुणाची तरी शाल धरून उभे राहतात. एकदा तर वहिनींनी टर्किशचा टॉवेल बघितला होता. म्हणून त्यांनी ठरवलं की आपण अंतरपाटही द्यायचा. ही अकरावी वस्तू. बाबांना चिंता तिची नव्हती, बोटांची होती. दहा बोटं संपली होती. त्यांनी चप्पल काढली, पायाचा अंगठा हलवून बघितला, हलतो म्हणाले आणि प्रश्न मिटला.

नवी वस्तू यादीच्या शेवटी टाका, म्हणजे कुणाला हलवायला नको, असं मी सुचवलं. ते माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "शेवटी म्हंजे जनरेटरच्या फुडं. अंतरपाटाला मोठा टेम्पो काढू का?" ते खरंच होतं. अंतरपाट सगळ्यांत हलका, त्याची जागा अगदी उजवीकडं. म्हणजे हातात असलेल्या सगळ्या मागण्यांच्या ओळीत उजव्या टोकाला एक उपडा ग्लास घालायचा आणि बाकी सगळ्यांनी एकेक घर डावीकडं व्हायचं. तक्त्यात ते एका फंक्शनचं काम. बाबांनी संध्याकाळी वस्तूंच्या नावांत अंतरपाट लिहिला, मागण्या सरकवल्या, सगळ्या बटणांना हात लावला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आमची तीन लग्नं होती. टेम्पो पहाटे भरून जातात, मी नऊला येते. कुलूप काढतेय तोवर फोन वाजला. पालीहून मुलीचा मामा बोलत होता.

"ताई, आमी खुर्च्या सांगितल्या हुत्या, पातेली आलीत. मान्सं पातेल्यात बसवू का?"

मागं हसण्याचा आवाज येत होता. राजगडावर निघालेली ट्रेकची पोरं थांबून पातेल्यांबरोबर फोटो काढत होती. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला, तर विंझरचा आचारी. त्यानं पातेली मागितली होती, त्याला शेगड्या मिळाल्या होत्या. त्याच्या चुली पेटलेल्या, तांदूळ धुतलेला. शेगडीला आधण ठेवतात का, असं त्यानं मला फार शांतपणे विचारलं. शांत आचारी मी पहिल्यांदाच ऐकला.

एवढ्यात बाबा आत आले, त्यांचाही फोन कानाला. भोंगवलीचं लग्न म्हणजे त्यांच्याच भावकीतलं. चुलतभाऊ एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. "दादा, फेटं मागितलं तर माईक आलाय. नवऱ्याच्या डोक्याला माईक बांधू का? आन् राजा-राणी खुर्च्यांच्या जागी पान्याचं ड्रम. कालपस्तोर सगळ्या गावाला सांगत हुतास, माजा तक्ता चुकत न्हाई म्हनून."

बाबांनी फोन बंद केला. ते कॉम्प्युटरसमोर बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, कारण मालकांची अट मलाही पाठ होती. चेहरा आधी राखेसारखा झाला. मग त्यांनी भोंगवलीच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"फेट्याचं दोन, राजा-राणीचं सोळा. आठरा पायजे. हितं छत्तीस हाय." त्यांनी पुढचा आकडा बघितला, त्याच्या पुढचा बघितला, आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला. "ताई, सगळी एक घर जास्त गेल्यात. समदीच्या समदी. एकबी वाकडं न्हाई. चूक बघा कशी सरळ हाय."

तेवढ्यात वहिनींनी फोन केला. त्या आनंदात होत्या. बाबांना त्रास नको म्हणून काल रात्री घरूनच मोबाईलवर तक्ता उघडून त्यांनी सगळ्या मागण्या एक घर सरकवल्या होत्या. अंतरपाटाचं नाव लिहिलेलं दिसलं, म्हटलं आता सरकवायचंच राहिलंय.

बाबांनी फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. "म्या बी सरकवलं हुतं," ते म्हणाले.

यात कुणी फसवलं नव्हतं. लिहिलेलं नाव दिसतं. आकडा सरकलेला आहे की सरकायचा आहे, हे आकड्याकडं बघून कळत नाही. एका घराऐवजी दोन घरं सरकली आणि ज्यानं जे मागितलं, त्याला त्याच्या शेजारची वस्तू गेली. आणि हमालांनी ती निमूट भरली. पालीच्या चिठ्ठीवर नुसती पातेली बघून सोपानला शंका आली होती. पण सगळ्या हंगामात चिठ्ठी एकदाही चुकली नव्हती, तेव्हा त्याला वाटलं की आपल्यालाच लग्नातलं कळत नाही.

वहिनी रडवेल्या झाल्या, कारण मालक गाडी घेऊन विंझरच्याच लग्नाला निघाले होते. तिथं त्यांचा सत्कार होता. त्यांनी पोचून बिनपातेल्याचा स्वयंपाक बघितला की आकडा संपला आणि बाबाही.

मी चिठ्ठीच्या पाठीवर यादी केली. काय कुठं आहे, काय कुठं हवंय, कोण नेणार, कधीपर्यंत. आणि लिहिता लिहिता माझ्याही लक्षात आलं की बाबा खुळ्यासारखे हसले ते उगाच नाही. चूक शिस्तीची होती म्हणून दुरुस्तीही शिस्तीची होती. विंझरची पातेली कुठं आहेत, हे शोधायला नको. ती खुर्च्या मागणाऱ्याकडंच असणार. सोपानला फोन केला, पालीची पातेली उचल आणि विंझरला सुट. विंझरच्या टेम्पोनं शेगड्या घेऊन भोरला यायचं, खुर्च्या भरायच्या आणि पाली गाठायची. पालीचं लग्न गोरज मुहूर्ताचं, तिथं वेळ होता. मालकांना रस्त्यात गुंतवायचं काम वहिनींनी घेतलं. त्यांनी त्यांना नसरापूरला थांबवून पेढे घ्यायला लावले, विंझरच्या अलीकडून परत फिरवून पेढ्यांच्या जागी बर्फी घ्यायला लावली, आणि मग बर्फीचं खोकं सोनेरी आहे की लाल, यावर फोनवर इतका वेळ बोलत राहिल्या की मालकांनी गाडी झाडाखाली लावली.

राहिली भोंगवली. तिथल्या टेम्पोचा ड्रायव्हर गाडी लावून फोन बंद करून झोपला होता. फेट्यांची पेटी हलकी, म्हणून बाबांच्या स्कूटीवर आम्ही दोघं निघालो. मी मागं, मांडीवर पेटी. एरवी बाबा स्कूटी अशी चालवतात की सायकलवाले हॉर्न देतात. त्या दिवशी ती वाऱ्यासारखी पळत होती आणि वर बाबा हँडलवरची बोटं उघडमीट करत होते. मी ओरडून सांगितलं, हँडल धरा. "धरलंय," ते म्हणाले, "नुसतं येक घर, ताई. नुसतं येक घर," आणि हसत सुटले. मग मलाही हसू आलं. पेटी हलायला लागली. रस्त्याकडेला भांगलणाऱ्या बायका खुरपी थांबवून आमच्याकडं बघत राहिल्या.

भोंगवलीत भावकी वाटच बघत होती. कुणी बाबांना "या, टेलिफोन" म्हणालं, कुणी माईक त्यांच्या तोंडासमोर धरला. बाबांनी फेटे दिले आणि स्टेजकडं बघितलं. राजा-राणी खुर्च्या स्कूटीवर येणं शक्य नव्हतं. मांडवाच्या कोपऱ्यात आमचे निळे ड्रम उभे होते.

"ड्रम हे राजा-रानीच्या शेजारचंच घर हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

दोन ड्रम उपडे करून स्टेजवर ठेवले. त्यांवर गाद्या, गाद्यांवर नवरीच्या मावशीनं दिलेला जरीचा शालू, मागं फुलांची माळ. नवरीला वर चढवायला पाट लागला. ती बसली, पाय लोंबकळले, तिनं इकडंतिकडं बघितलं.

"हितनं पंगतसुद्धा दिसती की," ती म्हणाली, आणि खाली उतरायला तयार होईना. नवरा जरा बुटका होता. त्यालाही ड्रम फार आवडला.

तिकडं विंझरला सोपाननं शेवटचं पातेलं उतरवलं आणि मालकांची गाडी आली. सगळं वेळेवर आलं ना, असं त्यांनी आचाऱ्याला विचारलं. आचाऱ्याच्या तोंडात तंबाखू होती म्हणून त्यानं नुसती मान हलवली. सोपाननं हे मला फोनवर सांगितलं, पालीलाही खुर्च्या पोचल्या, तेव्हा मी यादीतल्या शेवटच्या ओळीवर टिक केली.

ओळी संपल्या होत्या, दिवस संपला नव्हता. नवरीनं ड्रमवरचा फोटो स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत मालकांपर्यंत गेला, आणि आमच्या सगळ्या ड्रमांना बुडाशी पिवळा पट्टा मारलेला आहे. शालू तिथपर्यंत पोचला नव्हता.

संध्याकाळी मालक गोडाऊनमध्ये आले. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. मालकांनी मोबाईल बाबांसमोर धरला.

"नवरा-नवरी कशावर बसलेत?"

"ड्रमवर," बाबा म्हणाले.

"आपल्या?"

"व्हय."

"चुकीचं सामान गेलं का न्हाई, येवढंच सांगा."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, थोडी गडबड झाली पण वेळेवर निस्तरलं. ते खोटंही नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते की आजच्या दिवस तो शब्द वापरा. बाबांनी चष्मा पुसला.

"एक," ते म्हणाले, आणि डब्याची पिशवी उचलली.

"मी सरकवलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"म्या सरकवलं," बाबा म्हणाले.

"कुणी सरकवलं?" मालकांनी विचारलं.

"दोघांनी," वहिनी म्हणाल्या. "एकानंच सरकवायचं होतं. आधी हे एकट्या बाबांना यायचं म्हणून कधी चुकलं नाही. आता दोघांना येतं, एवढीच चूक आहे. बंद करायचं तर करा, पण मग उद्यापासून विंझरची पातेली कुठं गेली ते तुम्ही शोधा. आम्हाला आज शोधावी लागली नाहीत."

मालकांनी फोटोकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं. नवरी खळखळून हसत होती, तिच्याकडंही बराच वेळ बघितलं. मग उद्या बोलू म्हणाले आणि गेले.

उद्या ते बोललेच नाहीत. परवाही नाहीत. बंद म्हणाले नाहीत, चालू म्हणाले नाहीत. लाल डायरी कपाटातून निघून त्यांच्या टेबलावर आली, पण मिटलेलीच राहिली. बाबा रोजच्या वेळेला यायचे, तक्ता उघडायचे आणि त्याच्यासमोर हात बांधून बसायचे. उभ्या जन्मात त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. मी चहा विचारला तर ते विचारात पडले, उत्तरच देईनात. मला ते बघवेना. म्हणून मी माझ्या परीनं जे येतं ते केलं. मोठ्या अक्षरांत नियम लिहून भिंतीवर लावला: ज्यानं मागण्या सरकवल्या त्यानं तिथल्या तिथं मोठ्यानं "सरकवलं" म्हणायचं. हजर असलेल्या प्रत्येकानं "सरकवलं" असं उलट म्हणायचं. एकाचंही उत्तर राहिलं तर पुढचं काम थांबायचं. मालकांनी तो येताजाता वाचला आणि ते पुढं गेले.

मग एका सकाळी मालक फोनवर एका गिऱ्हाईकाशी बोलत होते. लग्नात आणखी काय काय विसरतं यावर गोष्ट निघाली असावी. बोलता बोलता ते आमच्याकडं वळले आणि म्हणाले, "मुंडावळ्या बी ठेवा आपल्याकडं." आणि परत फोनवर लागले.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींनी आतून एक मुंडावळी आणून दिली. बाबांनी ती एका तळहातावर घेतली, दुसऱ्या तळहातावर घडीचा अंतरपाट, डोळे मिटले, दोन्ही हात जरा खालीवर केले. मुंडावळी हलकी. म्हणजे परत अगदी उजवीकडचं घर, परत सगळ्यांनी डावीकडं व्हायचं. ते बसले. नाव लिहिलं. फंक्शन लिहिलं. मग खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि एक्सचेंजमधल्या जुन्या आवाजात म्हणाले, "सरकवलं."

"सरकवलं," वहिनी म्हणाल्या.

"सरकवलं," टेम्पोच्या खालून सोपान म्हणाला. पातेली घासणारे दोघं म्हणाले. मी म्हणाले.

बाबा बसेनात. नियमाप्रमाणं एक उत्तर राहिलं होतं. घासणाऱ्यांचे हात थांबले होते, सोपान टेम्पोखालून डोकं काढून बघत होता. मालक फोनवर बोलत होते. त्यांना शांतता जाणवली, त्यांनी मान वर केली, आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली, उभे राहिलेले बाबा बघितले. त्यांनी फोनवर तळवा दाबला.

"सरकवलं," ते वैतागून म्हणाले. आणि फोन परत कानाला लावून, "न्हाई न्हाई, तुमाला न्हाई म्हनलो. तुमी सांगा, काय काय हवंय?"